कुलर बंद करा आणि बोला



टीव्हीला जोडलेल्या कन्सोलवर खेळायचं, खेळता खेळता बोलायचं आणि ते सगळं मुद्रित करून इतरांना दाखवायचं, हा छंद आता पांढरकवड्यासारख्या तालुक्याच्या गावातही सहज जमण्यासारखा आहे. मुलं मला आधी विचारतात ती चित्राबद्दल. मी आधी बोलतो आवाजाबद्दल. चित्र थोडं पुसट असलं तरी लोक बघतात. आवाज खरखरला की दुसऱ्या मिनिटाला उठून जातात.

आपल्याकडे या कामात सगळ्यात मोठा अडथळा कुलरचा. खोलीत बसलेल्याला त्याची घरघर जाणवत नाही, मायक्रोफोनला मात्र ती आवाजाइतकीच स्पष्ट ऐकू येते. म्हणून उन्हाळ्यात पहाटे बसावं, कुलर-पंखा बंद करून. दुसरा त्रास उघड्या भिंतींचा. आवाज त्यांवर आपटून परत येतो आणि बोलणं विहिरीतून आल्यासारखं वाटतं. त्यावर उपाय या कापसाच्या मुलखात घरोघरी आहे. बोलणाऱ्याच्या पाठीमागे कापसाची जाड गादी उभी करा. कापूस आवाज शोषतो. फरक पहिल्याच वाक्यात कळेल. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर आणि किंचित बाजूला ठेवा, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ म्हणताना फटकारा बसणार नाही. खेळाचा आवाज हेडफोनमध्येच ऐका, नाहीतर तो पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो.

आता यंत्राचं. 2013 साली आलेल्या प्लेस्टेशन 4 च्या रिमोटवरच शेअरचं बटण आहे. मूळ सेटिंगमध्ये शेवटची 15 मिनिटं यंत्राजवळ असतात, ती मर्यादा एक तासापर्यंत वाढवता येते. निन्टेन्डो स्विचचं बटण मात्र शेवटची 30 सेकंदंच देतं. त्याहून जास्त हवं तर कॅप्चर कार्ड लागतं: कन्सोलची एचडीएमआय वायर त्यात, आणि तिथून यूएसबीनं संगणकात. प्लेस्टेशन जोडल्यावर पडदा काळाच दिसला तर सेटिंगमध्ये जाऊन एचडीसीपी बंद करा. संगणकावर ओबीएस नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालतं. त्यात आपला आवाज आणि खेळाचा आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्या. एकदा मिसळले की वेगळे करणं कठीण. फाइल एमकेव्ही प्रकारची ठेवा. मध्येच लाइन गेली तर साधी एमपीफोर फाइल बहुधा उघडतच नाही, एमकेव्हीत तोवरचं काम वाचतं. विदर्भात राहणाऱ्यानं हे विसरू नये.

पण बोलायचं काय? बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवर मराठीतून क्रिकेट सांगितलं, तेव्हा ऐकणाऱ्याला मैदान दिसत नव्हतं. चेंडू कुठं गेला हे शब्दांनीच दाखवावं लागे. इथं बघणाऱ्याला सगळं दिसतं. ‘मी डावीकडं वळलो’ हे त्याला सांगून काय उपयोग? मला वाटतं, यासाठी आपला खरा गुरू शंकरपटातला, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीतला, निवेदक आहे. जोडी धावताना लोक डोळ्यांनी बघतच असतात. तो सांगतो बैल कोणाचे, कोणत्या गावचे, मागच्या पटात काय घडलं होतं. जे दिसत नाही ते तो बोलतो. खेळणाऱ्यानंही तेच करावं: डावीकडं का वळलो, भीती कशाची वाटली, मघाशी इथंच कसा फसलो.

आणि ते आपल्या भाषेत बोलावं. खेळाचे व्हिडिओ हिंदीत भरपूर आहेत. ‘अबे, मांगं पाय ना! काहून थांबून रायला?’ असं वऱ्हाडीत ओरडणारा पोरगा मला तिथं ऐकायचा आहे. ज्याच्या घरी कोलामी, गोंडी किंवा तेलुगू बोलतात त्यानं तीत बोलावं.

सुरुवातीला ‘राजी’ घ्या. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं केलेला हा खेळ 2020 च्या ऑगस्टमध्ये आधी स्विचवर आला, मग इतर यंत्रांवर. राजी ही सर्कशीतली मुलगी, असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघते, आणि वाटेत भिंतींवर देवादिकांच्या कथा चितारलेल्या दिसतात. तिथं राजीला उभं करा, ध्वनिमुद्रण चालूच ठेवा, आणि केळापूरच्या जगदंबेच्या नवरात्रात आजीकडून ऐकलेली महिषासुराची गोष्ट आपल्या शब्दांत सांगा.