यादीतून कोणी गळू नये
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



"तू कॉम्प्युटरवर नक्की करतोस काय, ते पाच मिनिटांत सांग," असा संयोजकांचा हुकूम आहे. वेगवेगळ्या तक्त्यांत विखुरलेली माहिती जुळवून देणं, हे माझं काम. त्यासाठी एसक्यूएल ही भाषा वापरतात. 1970 साली आयबीएमच्या एडगर कॉड यांनी त्यामागची कल्पना मांडली आणि पुढे तिथल्याच चेंबरलिन आणि बॉइस यांनी ही भाषा घडवली.

पनवेलकरांना यातली मुख्य गोष्ट आधीच माहीत आहे. सातबारा घ्या. गाव नमुना सातमध्ये जमीन कोणाची आणि किती, ते असतं. नमुना बारामध्ये पीक कोणतं, ते. दोन्ही जुळतात ते सर्व्हे नंबर किंवा गट नंबरावर. आमच्या भाषेत हा झाला 'जॉइन'.

आता आपलीच यादी बघू. आपले व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप दोन. दोन्हींतली नावं आणि फोन एकाखाली एक लावले की 'युनियन'. हुबेहूब सारखी ओळ दोनदा आली, तर युनियन ती एकदाच ठेवतं. 'युनियन ऑल' मात्र दोन्ही ठेवतं. पण एकाच माणसाचं नाव दोन तऱ्हांनी लिहिलं असेल, तर कॉम्प्युटरला ती दोन माणसं वाटतात.

पुढे ही यादी शाळेच्या जनरल रजिस्टरशी जुळवायची. नावावर जुळवायला जाल, तर लग्नानंतर आडनाव बदललेल्या मैत्रिणी सापडणारच नाहीत. बदलत नाही तो रजिस्टर नंबर. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तो असतो. तेव्हा घरी गेल्यावर दाखला शोधा आणि नंबर कळवा.

खरी मेख पुढेच आहे. साधा जॉइन दोन्हीकडे सापडलेल्यांनाच ठेवतो. ज्यांचा फोन नाही ते गुपचूप गळतात. चूक झाली असंही कॉम्प्युटर सांगत नाही. यादी स्वच्छ, सुबक दिसते! म्हणून 'लेफ्ट जॉइन' करायचा. डावीकडे रजिस्टर ठेवायचं. मग त्यातलं प्रत्येक नाव राहतं. फोन नसेल तिथे जागा रिकामी दिसते. तिला 'नल' म्हणतात.

ती जागा रिकामी का, हे नल सांगत नाही. कोणी परदेशी गेलं असेल, कोणी आता या जगात नसेल. कोणाचा रजिस्टरमधला पत्ता चिंचपाडा, कोल्ही किंवा कोपर असेल. विमानतळासाठी ही गावं उठली. त्या पत्त्यावर पत्र टाकून काय उपयोग? ते काम एसक्यूएलचं नाही, आपलं आहे. नव्या वसाहतीत जाऊन विचारावं लागेल, कोणाच्या तरी भावाला, मामाला गाठावं लागेल.

माझी विनंती एवढीच: फोन मिळाला नाही म्हणून यादीतलं एकही नाव खोडू नका. प्रत्येकाने एक रिकामी जागा आपली मानावी आणि पुढच्या मेळाव्यापर्यंत भरावी.