शाळेचे वर्तमान घरोघरी

(केंद्र शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेले भाषण)



आजच्या परिषदेत अध्यापनाच्या पद्धतींविषयी पुष्कळ चर्चा झाली. मी एका अगदी साध्या गोष्टीकडे आपले लक्ष वेधणार आहे. आपल्या शाळेत दिवसभर जे घडते, त्यातले मुलाच्या घरी काय पोहोचते, हा आजचा माझा विषय आहे.

प्रथम प्रत्येकाने आपल्या मनाशीच एक आठवण करून पाहावी. गेल्या महिन्याभरात आपण कोणत्या कारणांसाठी पालकांकडे निरोप धाडला? आधारकार्डाची प्रत हवी होती, बँकेचे खाते उघडावयाचे होते, मूल चार दिवस आले नव्हते, कोणाशी मारामारी झाली होती, प्रगतिपत्रकावर सही राहिली होती. हे सर्व निरोप आवश्यकच होते, यात शंका नाही. परंतु या यादीत ‘तुमच्या मुलाला अमुक गोष्ट येऊ लागली, हे सांगावयाचे आहे’ असा निरोप किती वेळा गेला? बहुतेकांना फार आठवावे लागेल. परिणाम असा होतो की, शाळेचे बोलावणे आले म्हणजे घरातील माणसांच्या कपाळावर आठी पडते. कागद मागितला असेल किंवा पोराने काही आगळीक केली असेल, याखेरीज तिसरे कारण त्यांना सुचतच नाही.

या सवयीची किंमत काय असते, ते मी माझ्याच चुकीवरून सांगतो. 1998 साली मी एका लहान गावी द्विशिक्षकी शाळेत होतो. शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीसाठी तीन किलोमीटरवरच्या मोठ्या गावी जावे लागे. चौथीत एक मुलगी होती. तोंडी हिशेबात तिचा हात धरील असे वर्गात कोणी नव्हते. घरी आई-वडील दोघेही मजुरीला जात. अक्षरओळख दोघांनाही नव्हती. वर्ष संपताना मी तिच्या हाती चिठ्ठी दिली. तीत लिहिले होते की, ‘सदर विद्यार्थिनीच्या पुढील प्रवेशाकामी शाळा सोडल्याचा दाखला नेण्यासाठी पालकांनी समक्ष उपस्थित राहावे.’ कोणी आले नाही. मीही सुट्टीत आपल्या गावी निघून गेलो.

जूनमध्ये चौकशी केली, तेव्हा ती पाचवीत गेलेली नव्हती. घरी गेलो. ती दूरच्या नातेवाइकांकडे तान्हे मूल सांभाळावयास गेल्याचे कळले. माझी चिठ्ठी देव्हाऱ्यामागे, घडी न मोडता, तशीच ठेवलेली होती. मी रागावूनच विचारले, ‘ही कोणाकडून वाचून का घेतली नाही?’ आई म्हणाली, ‘गुरुजी, चार वर्सांत शाळंतनं चिठी आली ती पोरगी का आली न्हाई म्हनूनच. ह्ये बी तसंच आसंल, आसं वाटलं. पोरीचं काय बरं हाय, ह्ये कवा कुनी सांगितलंच न्हाई. आमाला वाटलं, तिला काय येत न्हाई.’

मी निरुत्तर झालो. वर्गात मी त्या मुलीचे दहा वेळा कौतुक केले होते, परंतु ते शाळेच्या चार भिंतींपलीकडे गेले नव्हते. शिकवण्यात मी कसूर केली नव्हती. सांगण्यात मात्र केली होती. ती मुलगी पुन्हा शाळेत आली नाही. पुढे मी दोनदा गेलो, पण तोवर घरचे निर्णय झालेले होते. गरिबी हे कारण होतेच. तथापि आपली मुलगी हुशार आहे हे ठाऊक असते, तर त्या आई-वडिलांनी निदान विचार तरी केला असता. विचार करण्यास लागणारी माहितीच मी त्यांना दिलेली नव्हती.

आता ही गोष्ट केवळ आपल्या सौजन्यावर सोडलेली नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा 2009 चा अधिनियम 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. त्याच्या 24 व्या कलमात शिक्षकाची कर्तव्ये सांगितली आहेत. पालकांच्या नियमित सभा घेणे आणि मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता, शिकण्यातील प्रगती व इतर आवश्यक माहिती त्यांना देणे, हे त्यांतील एक कर्तव्य आहे. 21 व्या कलमाप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावयाचे आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असावयाच्या. ज्यांनी शाळेच्या विकासाचा आराखडा करावयाचा, त्यांनाच शाळेत काय चालते ते ठाऊक नसेल, तर समिती सह्यांपुरती उरते. तेव्हा माहिती देणे हा पालकांवर उपकार नव्हे. त्यांचे ते देणे आहे.

मग सांगावयाचे काय? ‘मुलगा गणितात कच्चा आहे, घरी अभ्यास घ्या,’ हे वाक्य आपण सर्वांनी उच्चारले आहे. ज्या बापाने कधी पाटी धरली नाही, त्याने अभ्यास घ्यावयाचा तो कसा? तो घरी जाऊन मुलाला दोन धपाटे घालतो आणि आपले कर्तव्य झाले असे मानतो. त्याऐवजी असे सांगावे : ‘याला बेरीज चांगली येते. वजाबाकीत दशक सुटा करावयाचा असला म्हणजे चुकतो. बाजाराला जाताना याला बरोबर न्या. पन्नासाची नोट दिली, बत्तीसची भाजी झाली, परत किती, एवढे त्याला विचारा.’ हे काम निरक्षर बापही उत्तम करतो; व्यवहाराचा हिशेब त्याला आपल्यापेक्षा कमी येत नाही. तद्वत आईला सांगावे की, भाकरी थापताना मुलीला चुलीजवळ बसवून दहा मिनिटे मोठ्याने वाचावयास लावा. तुम्हाला वाचता आले नाही तरी चालेल. अडखळते कोठे, ते कानाला कळते. सांगणे नेमके असले म्हणजे घराला करण्यासारखे काही हाती लागते.

सांगण्याची भाषाही घरची असावी. ‘आकारिक मूल्यमापन’, ‘अध्ययन निष्पत्ती’ हे शब्द आपल्या दप्तरात शोभतात. ओसरीवर त्यांचा उपयोग नाही. तांड्यावर गोरमाटी, सातपुड्याच्या पाड्यांवर पावरी, मेळघाटात कोरकू बोलणारी घरे आहेत. तेथे चार शब्द त्यांच्या बोलीत शिकून घ्यावे आणि अडेल तेथे वरच्या वर्गातील मुलाला दुभाषा करावे. गुरुजी आपली बोली बोलू पाहतात, एवढ्यानेच निम्मे अंतर तुटते.

सभेच्या वेळेचाही विचार हवा. सोयाबीनची काढणी चालू असताना सकाळी अकराची सभा ठेवावयाची आणि पालक उदासीन आहेत असा शेरा मारावयाचा, हा न्याय नव्हे. मजुराची सभेला हजेरी म्हणजे अर्ध्या दिवसाचा रोज बुडणे. सभा दिवेलागणीला घ्यावी, आठवड्याच्या बाजाराचा दिवस टाळावा, शाळा दूर असेल तर वस्तीवरच्या पारावर घ्यावी. तीत वर्गणीचा व तक्रारींचा पाढा वाचू नये; मुलांनी केलेले काम पालकांच्या हाती द्यावे. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षणाचे काम आरंभिले. मुले शाळेत येत नाहीत असे पाहून त्यांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या कार्यातूनच रूढ झाला. मूल येत नसेल तर शाळेने त्याच्याकडे जावे, हा धडा पालकांच्या बाबतीतही तितकाच खरा आहे.

दुसरे साधन आपल्या दारातच आहे. शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर एक फळा असावा आणि त्यावर मुलांनीच रोज चार ओळी लिहाव्यात. आज दुसरीने पाने मोजली. चौथीने विहिरीची खोली काढली. आहारात मटकीची उसळ होती. उद्या वजन-उंची घेणार आहेत. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी हाताने लिहिलेले ‘छात्रालय दैनिक’ काढीत असत. आपल्याला तर चारच ओळींचा खडू झिजवावयाचा आहे. रस्त्याने जाणारा वाचतो, न येणारा दुसऱ्याकडून ऐकतो आणि शाळेचे वर्तमान सायंकाळपर्यंत गावभर होते.

आता भ्रमणध्वनीविषयी. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा याच यंत्राने आपला धागा काही घरांशी जोडून ठेवला आणि ज्यांच्याकडे ते नव्हते ती घरे अंधारात राहिली, हे आपण पाहिले आहे. आज बहुतेक वर्गांचे व्हॉट्सअॅप गट आहेत. पण फोन बापाच्या खिशात असतो आणि मुलाचे दप्तर आई भरते. कित्येकदा रिचार्ज संपलेला असतो. म्हणून गटावर टाकले म्हणजे कळविले, असे समजू नये. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना आपल्या आवाजातला निरोप धाडावा. आणखी एक पथ्य कसोशीने पाळावे. कोणाचे गुण, कोणाची चूक, कोणाच्या घरची अडचण गटावर कधीही मांडू नये. कौतुक चारचौघांत करावे, उणे एकट्यास सांगावे. आपल्या एका वाक्याने घरी मुलाच्या पाठीवर वळ उठणार नाहीत ना, याचा विचार करूनच ते उच्चारावे.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची गोष्ट निराळी आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि हंगाम संपल्यावर परततात. त्यांच्याशी बोलणे गाडीत सामान चढण्यापूर्वी व्हावयास हवे. गावात हंगामी वसतिगृह असेल तर मुलाला मागे ठेवता येईल, हे आजी-आजोबांसह सर्वांना समजावून द्यावे. मूल बरोबर जाणारच असेल, तर शिक्षण हमी पत्रक कशासाठी आहे व ते तेथल्या शाळेत कसे दाखवावयाचे, ते सांगावे. मागाहून पंधरा दिवसांनी एकदा कोपीवर फोन करावा. गावची शाळा आपल्याला विसरली नाही, हे मुलाला कळले पाहिजे. नाहीतर परतल्यावर तेच शाळेला विसरते.

आणि सांगण्याइतकेच ऐकावेही. मूल रात्री दचकून उठते, त्याला लांबचे दिसत नाही, घरी नुकतेच कोणी वारले, या गोष्टी घरालाच ठाऊक असतात. पहिल्या बाकावर बसविल्याने जे मूल एका दिवसात ‘हुशार’ झाले, असे आपल्यापैकी प्रत्येकाने एखादे तरी पाहिले असेल.

आपण म्हणाल, ‘साहेब, माहिती भरता भरता दिवस जातो, याला वेळ कोठून आणावा?’ हे गाऱ्हाणे खोटे नाही, आणि त्या माहितीपैकी पुष्कळशी मागणारा मीच असतो, हेही मला ठाऊक आहे. म्हणून नवा तक्ता मागणार नाही. फक्त एक हिशेब मांडतो. वर्गात तीस मुले आहेत असे धरू. रोज दोन घरांना एकेक वाक्य सांगितले, रस्त्यात, दारात वा फोनवर, तर पंधरा दिवसांत सर्व घरे होतात. कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाचे किमान दोनशे दिवस कामाचे आहेत. म्हणजे प्रत्येक घराला वर्षातून तेरा वेळा शाळेचे वर्तमान कळेल. हजेरीपटामागे साध्या वहीचे एक पान ठेवावे, ज्याला सांगितले त्याच्या नावापुढे तारीख टाकावी. ज्या नावापुढे महिनाभर तारीख पडत नाही, त्या घरी मुद्दाम जावे. बहुधा तेच घर सर्वांत गरजू असते. हे पान मी तपासावयास मागणार नाही. ते आपले आपल्यासाठी आहे.

उद्या शाळा सुटल्यावर आपण प्रत्येकाने आपल्या वर्गातील एकाच मुलाच्या घरी जावे, आणि ते असे मूल असावे की ज्याच्या घरी आपण आजवर केवळ तक्रार घेऊनच गेलो. आई दारात येईल, चेहरा कावराबावरा होईल, ‘काय केलं पोरानं?’ असे विचारील. तेव्हा म्हणावे, ‘काही केले नाही, बाई. आज त्याने धडा न अडखळता वाचला, तेवढेच सांगावयास आलो.’

एवढे वाक्य मी 1998 साली एका दारात म्हणावयास हवे होते. आपण ते वेळेवर म्हणाल, अशी आशा बाळगून आपली रजा घेतो.