नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ



१९९५च्या दिवाळीत आमच्या घरी व्हिडिओ गेम आला. टीव्हीला वायर जोडायची, डब्यात कॅसेट खोचायची आणि जॉयस्टिक धरून बसायचे. वडिलांच्या बोनसमधून तो घेतला, त्यामुळे आईची साडी त्या वर्षी राहिली. कॅसेटवर ठळक छापले होते, ‘९९९९ इन वन’. मी सहावीत, धाकटा भाऊ चौथीत. आम्ही वहीत भागाकार मांडला. रोज एक नवा खेळ खेळलो, तरी ही कॅसेट आम्हाला २७ वर्षे आणि वर साडेचार महिने पुरणार होती!

ते वेळापत्रक एका संध्याकाळीच कोसळले. पहिला खेळ कॉन्ट्रा, दुसरा मारिओ, तिसरा रणगाड्यांचा. असे सात झाले आणि आठव्या आकड्यावर पुन्हा कॉन्ट्राच सुरू झाला. नाव वेगळे, खेळ तोच. नवव्यावर मारिओ, फक्त सुरुवात पुढच्या टप्प्यापासून. आम्ही शंभरावा पाहिला, हजारावा पाहिला, अगदी शेवटचाही पाहिला. फिरून फिरून तेच सात. त्यातली युक्ती पुढे कळली. अशा कॅसेटमध्ये खरे खेळ मूठभरच असत. यादीतला प्रत्येक आकडा त्यांतल्याच एखाद्याकडे नेई. फार तर कुठे चार लाइफ जास्त मिळत.

मी वडिलांवर भडकलो. “तुम्हाला यातलं काही कळत नाही, तर घेतलंत कशाला?” ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मला घेऊन दुकानात गेले. दुकानदार इतर गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, “साहेब, मोजून बघा. एकही कमी भरायचा नाही.” चार माणसे हसली. वडिलांनी कॅसेट पिशवीत टाकली. परतीच्या वाटेवर मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. फसवले होते दुकानदाराने, राग निघाला वडिलांवर.

हे सारे पुन्हा आठवले ते २०१४ साली, अमेरिकेतली एक बातमी वाचताना. न्यू मेक्सिको राज्यातल्या आलामोगोर्डो गावाचा कचरा डेपो खणून जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेट बाहेर काढल्या होत्या. त्यामागची हकिगत अशी. स्टीव्हन स्पीलबर्गचा ‘ई.टी.’ हा चित्रपट १९८२ साली तुफान चालला. त्यावरचा खेळ नाताळच्या बाजारात आणायचा, असे अटारी कंपनीने ठरवले. हक्कांची बोलणी संपेपर्यंत जुलै सरत आला होता. एरवी असा खेळ बनवायला सहा-सात महिने लागत. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या तरुण प्रोग्रॅमरच्या हाती जेमतेम पाच आठवडे होते. त्याने तो वेळेत पुरा केला.

मुलांनी आनंदाने कॅसेट लावली. पडद्यावरचा ई.टी. टेलिफोनचे तुकडे शोधत फिरे आणि सारखा खड्ड्यात पडे. मोठ्या कष्टाने वर यावे, तर पुन्हा खड्डा. मुले कंटाळली. लाखो कॅसेट पडून राहिल्या. १९८३च्या सप्टेंबरमध्ये कंपनीने न खपलेला माल ट्रकांतून आणून त्या डेपोत पुरला. पुढची तीस वर्षे लोक सांगत राहिले की, एका वाईट खेळाने अख्खा धंदा बुडवला. वॉरशॉच्या नावापुढे ‘जगातला सर्वांत वाईट खेळ’ हे बिरुद चिकटले. त्याचा आधीचा ‘यार्स रिव्हेंज’ अटारीच्या उत्तम खेळांत गणला जातो, हे फारसे कुणी आठवले नाही.

खणल्यावर सुमारे १,३०० कॅसेट हाती आल्या. त्यांत ई.टी. होताच, पण इतरही कितीतरी खेळ होते, गाजलेलेसुद्धा. कंपनीने एकूणच गरजेपेक्षा जास्त माल काढला होता. मुदत ठरवणारे, माल काढणारे मोकळे सुटले, बोल लागला तो पाच आठवडे राबलेल्या माणसाला. मला एकदम आमच्या बाजारपेठेतली ती परतीची वाट दिसली. आपला विरस झाला की आपल्याला ताबडतोब एक गुन्हेगार हवा असतो. खरा लांब असतो किंवा आपल्याला जुमानत नाही. मग जो जवळ असतो, उलटून बोलत नाही, त्याला आपण धरतो.

आमच्या वेळापत्रकाप्रमाणे शेवटचा खेळ मार्च २०२३ मध्ये आला असता. त्या महिन्यात गावी गेलो असताना वडिलांना म्हणालो, “बाबा, त्या दिवशी मी तुमच्याशी वाईट वागलो.” आणि तेव्हा न सांगितलेली गोष्टही सांगून टाकली. त्या सात खेळांवर आम्ही दोघे भाऊ पुढे तीन वर्षे खेळलो आणि एक दिवसही कंटाळलो नाही.

वडिलांना दुकान आठवत होते. थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, “तीन वर्षं? मग पैसे वसूल झाले की रे!”