सूर कोणी जुळवावा?



संगीतावर बोलण्याचा अधिकार आम्हांला कोणत्याही विद्यापीठाने दिलेला नाही. कारखान्यांच्या दारांवर सभा घेण्यात आमची तीस वर्षे गेली. जे वाचले ते वाचनालयात, जे ऐकले ते उसन्या ध्वनिमुद्रिकांवर. तरीही आज एका वाद्यमेळाची हकीकत सांगणार आहोत. कारण तीत आम्हांला आमच्याच घरचा प्रश्न दिसला.

लू हॅरिसन (१९१७–२००३) हे अमेरिकन संगीतकार. जावा बेटातील गमेलान, म्हणजे धातूच्या पट्ट्या आणि घंटांचा वाद्यसमूह, ह्याचा त्यांना ध्यास. त्यांचे सहचर बिल कॉल्विग हे धंद्याने इलेक्ट्रिशियन; आपल्याकडे ज्याला वायरमन म्हणतात तो माणूस. ह्या वायरमनने १९७१च्या सुमारास कॅलिफोर्नियात नवाच गमेलान घडवला. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, त्यांखाली नाद घुमवायला रिकामे पत्र्याचे डबे, आणि घंटा म्हणून कापलेली ऑक्सिजनची नळकांडी! ह्यात हसण्यासारखे काही नाही. आपला जलतरंग तरी काय, पाण्याने भरलेल्या वाट्याच ना?

१९७४ मध्ये हॅरिसन ह्यांनी रिचर्ड डी ह्यांच्यासह व्हायोलिन आणि हा गमेलान ह्यांच्यासाठी एक रचना केली. एका खोलीत मावतील इतक्या थोड्या वादकांचे हे संगीत. परंतु खानदानी व्हायोलिन आणि डब्यांवरच्या पट्ट्या ह्यांचे जमावे कसे? ह्या पट्ट्या शुद्ध प्रमाणात लावलेल्या. म्हणजे षड्जाची कंपने २, तर पंचमाची बरोबर ३. पियानोचे बारा समान भागांत वाटलेले सूर ह्या हिशेबात चपखल बसत नाहीत. शिवाय धातूची पट्टी एकदा घासून सुरात आणली की भर मैफलीत ती हलत नाही. व्हायोलिनच्या तारेवर मात्र बोट केसभर सरकवता येते. तेव्हा जुळवून घ्यायचे ते व्हायोलिनने. ज्याला सरकता येते, त्याने सरकावे.

हे कळले आणि आम्हांला आमचीच एक चूक आठवली. एका कारखान्यात कंत्राटी कामगार संपात आमच्या बरोबरीने उभे राहिले. करारात पगारवाढ मिळाली ती कायम कामगारांना. "एकजूट राखा, तुमचे पुढच्या करारात पाहू," असे आम्ही कंत्राटी कामगारांना सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातला एक वयस्क गडी म्हणाला, "साहेब, दर वेळी आम्हीच सांभाळून घ्यायचं का?" एरवी तो आम्हांला 'भाऊ' म्हणत असे.

आम्ही त्याला उत्तर देऊ शकलो नाही. कायम कामगाराला नोकरीची हमी असते. थोडे सरकणे त्याला परवडते. रोजंदारीवरच्या माणसाला सरकायला जागाच कुठे असते? एकजुटीच्या नावाखाली आम्ही पट्टीला वाकायला सांगत होतो.

आता मागणीपत्र लिहिताना आम्ही कंत्राटी कामगारांची मागणी पहिल्या कलमात घालतो. त्यावरून आमच्याच सभेत भांडणे होतात. होऊ देत. वाद्ये लावताना थोडा कलकलाट होणारच.