मतदार आणि वर्गणीदार



२६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागो येथे जॉन केनेडी आणि रिचर्ड निक्सन समोरासमोर उभे राहिले. अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारांमधील दूरचित्रवाणीवरचा तो पहिला वादविवाद. तिन्ही मोठ्या वाहिन्यांनी तो एकाच वेळी दाखविला आणि सुमारे ७ कोटी लोकांनी पाहिला. घरात संच आणि छपरावर अँटेना, एवढे पुरेसे होते. मासिक शुल्काचा प्रश्नच नव्हता.

पुढे चित्र पालटले. ६ ऑगस्ट २०१५ रोजी क्लीव्हलँड येथे रिपब्लिकन पक्षातील इच्छुकांचा पहिला वादविवाद झाला, तो एका सशुल्क केबल वाहिनीवर. मताचा अधिकार तोच राहिला. परंतु मत बनविण्याचे साधन मात्र वर्गणीदाराच्या घरापुरते उरले. मतदार आणि वर्गणीदार हे दोन भिन्न नागरिक आहेत काय?

भारतात या प्रश्नाचे उत्तर तत्त्वतः फार पूर्वीच मिळाले आहे. ध्वनिलहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. तो खटला होता क्रिकेटच्या प्रक्षेपणाचा! पुढे २००७ मध्ये संसदेने कायदा करून राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला देणे खासगी वाहिन्यांवर बंधनकारक केले. त्यात हक्कधारकाचेही हित जपले. दूरचित्रवाणीवरील जाहिरातींच्या उत्पन्नातील किमान ७५ टक्के वाटा त्याला ठेवला. चेंडूफळीसाठी जे न्याय्य ठरले, ते लोकशाहीसाठी अन्याय्य कसे ठरेल?

साधनांची वाण नाही. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली दूरदर्शनची मोफत डिश सेवा छत्री आणि सेट टॉप बॉक्सच्या एकवेळच्या खर्चात दुर्गम पाड्यापर्यंत पोहोचते. संसदेचे कामकाज तिच्यावरून विनाशुल्क पाहता येते. १९९८ पासून मान्यताप्राप्त पक्षांना निवडणुकीच्या काळात आकाशवाणी व दूरदर्शनवर मोफत वेळ दिला जातो. निवडणूक आयोगाच्या या योजनेत पक्षांच्या प्रतिनिधींमध्ये चर्चा घडवून आणण्याचीही तरतूद आहे. उणीव आहे ती एवढीच की, खासगी वाहिनीवर महत्त्वाचा निवडणूक वादविवाद झाला, तर तो सर्वांना दाखविलाच पाहिजे, असा क्रिकेटसारखा नियम नाही.

न्यायशास्त्राने वाद, जल्प आणि वितंडा असा भेद केला आहे. सत्यशोधनासाठी होतो तो वाद. केवळ जिंकण्यासाठी होतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचे खंडन करीत राहणे ही वितंडा. रोज रात्री पडद्यावर जल्प आणि वितंडा यांचा सुकाळ असतो. खरा वाद दुर्मीळ असतो, आणि तो जेव्हा घडतो तेव्हा त्याच्या दाराशी तिकीटखिडकी असू नये.

मतदानकेंद्रावर श्रीमंत आणि गरीब एकाच रांगेत उभे राहतात. मत देताना जी समता आहे, ती मत बनविताना का नसावी? २००७ च्या कायद्याचे तत्त्व निवडणुकीच्या वादविवादांनाही लागू व्हावे, ही मागणी प्रत्येक सुजाण मतदाराने आपल्या लोकप्रतिनिधीपुढे ठेवली पाहिजे.