कर्जाच्या वहीत आपलं शिक्षण कुठं आहे?

हातातलं काम चालू ठेवा, पण कान इकडे द्या. गावातल्या आरोग्याच्या आणि अंगणवाडीच्या कामात आपल्या बायका खूप आहेत. पण देखरेखीच्या, निर्णयाच्या पदावर त्या कशा पोचतील, याबद्दल आज बोलू.

सुरुवात एका मदतनीस ताईंपासून करते. नाव सांगत नाही. नऊ वर्षं त्यांनी अंगणवाडीत खिचडी शिजवली, घरोघरी जाऊन पोरं गोळा केली, सेविका रजेवर असल्या की वजनंही घेतली. सेविका निवृत्त झाल्या तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता ही जागा यांचीच. पण ताईंचं शिक्षण आठवी. अर्जच भरता आला नाही. गावातली बारावी झालेली एक तरुण सून सेविका झाली. वजनकाटा कसा लावायचा, कोणत्या घरात गरोदर बाई आहे, हे तिला मदतनीस ताईंनीच शिकवलं. मला म्हणाल्या, "ताई, त्या पोरीवर राग नाही. तीही गरजूच. पण नऊ वर्षांत मला कुणी म्हटलं कसं नाही, की तू दहावीला बस?"

त्या "कुणी"मध्ये मीही आले. दर महिन्याला त्यांच्या गटाच्या बैठकीला मी बसत होते.

शाळा न शिकलेल्या बाईला अक्कल नसते, असं मुळीच नाही. आपल्या जामखेडचंच बघा. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथं काम सुरू केलं. गावागावांतून बायका निवडल्या. त्यातल्या कित्येकींनी शाळेची पायरी चढलेली नव्हती. पण त्या बाळंतपण करायला, मुलांची वजनं घ्यायला, जुलाब झालेल्या बाळाला साखर-मिठाचं पाणी द्यायला शिकल्या. पुढे बाहेरून शिकायला आलेल्या डॉक्टर-नर्सनाही त्यांनी शिकवलं. पुढारपण करायची धमक आपल्यात आहे, हे तिथं सिद्ध झालं.

पण आज सरकारी पदाला कागद लागतो. म्हणून पायऱ्या नीट समजून घ्या.

पहिली वाट अंगणवाडीची. मदतनीस, मग सेविका, मग मुख्यसेविका, म्हणजेच पर्यवेक्षिका. केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत असं आहे की, सेविकांच्या रिक्त जागांपैकी ५० टक्के जागा ५ वर्षं काम केलेल्या मदतनिसांमधून भराव्यात, आणि पर्यवेक्षिकांच्या ५० टक्के जागा ५ वर्षं काम केलेल्या सेविकांमधून. मात्र शिक्षणाची अट पूर्ण हवी. आपल्या राज्यात आता नव्यानं मदतनीस व्हायलाही बारावी लागते.

दुसरी वाट आशांची. साधारण २० आशांच्या कामावर एक गटप्रवर्तक देखरेख करते. गावात फिरून तयार झालेली आशा या कामात कुणाला हार जाणार नाही. खरं तेही सांगते. आशांना पगार नाही, मोबदला मिळतो. तो वाढावा म्हणून त्या मोर्चे काढतात, आणि ते बरोबरच आहे. नुसत्या "ताई"पणावर घर चालत नाही.

तिसरी वाट नर्सिंगची. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा. दोन्हींना बारावी लागते, आणि कला शाखेची मुलगीही जाऊ शकते. बारावीला इंग्रजी मात्र हवं. एएनएम झालेली आरोग्यसेविका पुढे आरोग्य सहायिका होते आणि उपकेंद्रांच्या कामावर देखरेख करते. दवाखान्यात अधिपरिचारिका, मग परिसेविका, आणि सगळ्यात वर अधिसेविका, जिला आपण मेट्रन म्हणतो. प्रवेशाला वयाची अट असते. म्हणून "पुढच्या वर्षी बघू" असं म्हणत बसू नका.

आता कळीची गोष्ट. त्या ताईंचं बोलणं ऐकून मी घरी आले आणि माझ्याकडच्या चौदा गटांच्या कर्जाच्या वह्या काढल्या. "कर्जाचे कारण" हा रकाना वाचत गेले. शेळी. बी-बियाणं. दवाखाना. लेकीचं बाळंतपण. घरावरचे पत्रे. मुलाची फी, मुलाची फी, मुलाची फी. सभासद बाईच्या स्वतःच्या शिक्षणासाठी एकही कर्ज नव्हतं. दशसूत्रीत आपण शिक्षण म्हणतो, पण ते पोरांचंच, असं धरून चाललो. मी स्वतः लग्नानंतर मुक्त विद्यापीठातून बीए केलं. फी भावानं भरली. गटाकडे मागायचं मलाही सुचलं नव्हतं.

पुढच्या बैठकीत मी तो रकाना मोठ्यानं वाचून दाखवला. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एक आजी म्हणाल्या, "शेळी मरते बाई. शिकलेलं मरत नाही. द्या तिला."

मदतनीस ताईंनी कर्ज घेतलं. १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसल्या. पहिल्यांदा गणित राहिलं. नवरा म्हणाला, आता पुरे. गट म्हणाला, परत बस. दुसऱ्यांदा सुटल्या. आता त्यांची बारावीची तयारी चालू आहे. सेविकेची जागा मिळेलच, असं वचन मी देऊ शकत नाही. पण पुढची जागा निघेल तेव्हा त्यांचा अर्ज शिक्षणापायी अडणार नाही.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत तीन कामं करा. आपल्या गटात मदतनीस, आशा, दाई कोण आहे आणि कितवी शिकली आहे, ते लिहून काढा. कुणाला किती वर्षं अनुभव आहे, त्याचा नेमणुकीचा कागद सांभाळून ठेवायला सांगा. तो हरवला तर नऊ वर्षं पाण्यात जातात. आणि पंचायत समितीच्या बालविकास प्रकल्प कार्यालयात, तसंच प्राथमिक आरोग्य केंद्रात दोघी-तिघींनी मिळून जा आणि या वर्षीच्या अटी विचारा. नियम बदलतात. ऐकीव माहितीवर फॉर्म भरू नका.

आणि हो, शिकायला बसलेल्या बाईच्या घरी परीक्षेच्या दिवशी शेजारणीनं दोन भाकऱ्या जास्त थापून द्या. हप्ता तिचा ती फेडेल. भाकरीचा हिशोब वहीत लिहायची गरज नाही.