पाणी आधी, मासे नंतर



घरातला मासा मेला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं : 'घरावरचं संकट त्यानं आपल्या अंगावर घेतलं.' आठ सोनेरी आणि एक काळा मासा पाळला की भरभराट होते, हा समजही घरोघरी पोचलेला आहे. कुणाच्या श्रद्धेची चेष्टा करण्याचा माझा हेतू नाही. पण त्या मेलेल्या माशाची बाजू कुणीतरी मांडायला हवी. बहुतेक वेळा तो आपलं संकट घेऊन गेलेला नसतो. आपण दिलेल्या पाण्यानं त्याचा जीव घेतलेला असतो.

मासा ज्या पाण्यात श्वास घेतो, त्याच पाण्यात त्याची विष्ठा पडते आणि उरलेलं खाणं कुजतं. त्यातून अमोनिया तयार होतो. मासा कल्ल्यांवाटेही अमोनिया बाहेर टाकत असतो. नदीत तो पसरून जातो, काचेच्या टाकीत साचत राहतो. पाणी मात्र नितळ दिसतं, त्यामुळे आपल्याला काही कळत नाही.

यावरचा उपाय निसर्गानंच करून ठेवला आहे. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. ते बरंच सौम्य असतं. थोडं पाणवनस्पती शोषून घेतात, बाकीचं आपण पाणी बदलून काढायचं. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात आणि तळाच्या वाळूत वस्ती करतात. ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आणि आपण काय करतो? रविवारी सकाळी टाकी आणतो, दुपारी नळाचं पाणी भरतो आणि संध्याकाळी पाहुणे यायच्या आत वीस मासे सोडून मोकळे होतो.

निरनिराळ्या जातींचे मासे एकत्र पाळायचे असतील, तर जागा आणि ऐपत पाहून टाकी मोठी घ्यावी. मोठी टाकी अवघड आणि काचेचा वाडगा सोपा, असं लोकांना वाटतं. खरं उलट आहे. थोड्या पाण्यात विष चटकन वाढतं, तापमानही झपाट्यानं बदलतं. जास्त पाणी माशांना आणि आपल्यालाही सावरायला वेळ देतं.

चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी धरा. नऊ घनफूट म्हणजे सुमारे २५५ लिटर. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली, तर दोनशे लिटरच्या आसपास पाणी राहतं. काच, वाळू, पाणी मिळून वजन तीनशे किलोच्या घरात जातं. म्हणून टेबलावर किंवा शोकेसवर ती ठेवू नये. समपातळीतलं मजबूत लोखंडी स्टँड हवं आणि टाकीखाली थर्माकोलचा तक्ता हवा. खिडकीतलं थेट ऊन टाळावं, नाहीतर शेवाळं माजतं.

नळाच्या पाण्यातला क्लोरीन माशांना आणि जिवाणूंनाही मारक असतो. दुकानात मिळणारे क्लोरीन घालवणारे थेंब टाकावेत. नंतर फिल्टर सुरू करावा आणि रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाणं टाकावं. ते कुजून अमोनिया होईल आणि जिवाणूंना अन्न मिळेल. ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल, तर तिच्या फिल्टरमधला थोडा स्पंज मागून आणावा. दह्याला विरजण लागतं, तसंच हे. वस्ती लवकर बसते. तपासणीच्या किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आली आणि नायट्रेट दिसू लागलं, की पाणी तयार झालं. तोवर वाट पाहायची. आमच्याकडे याला सब्र म्हणतात, तुम्ही सबुरी म्हणता; शब्द एकाच घरातले आहेत.

आता रहिवासी कोण? शेजारी निवडताना रंगाआधी स्वभाव, आकार आणि पाण्याची गरज पाहावी. एंजल दिसायला शांत, पण मोठा झाला की निऑन टेट्रा गिळतो. ऑस्कर फूटभर वाढतो. गोल्डफिशला थंड पाणी मानवतं आणि तो घाणही फार करतो. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या सिक्लिडना जड, क्षारयुक्त पाणी लागतं, तर अॅमेझॉनच्या निऑनला मऊ.

मला विचाराल, तर पहिली वसाहत आपल्याच देशातल्या माशांची करावी. ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतल्या माशांवर १८२२ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. आज जगभर पाळले जाणारे झेब्रा डॅनिओ, रोझी बार्ब आणि हनी गोरामी त्यात आहेत. दोनशे लिटर पाण्यात बारा झेब्रा, आठ रोझी बार्ब आणि तीन हनी गोरामी सुखानं राहतील. झेब्रा आणि बार्ब थव्यानं राहणारे. एकदोनच ठेवले तर बावरतात, नाहीतर इतरांना छळतात. गोरामी बुजरा आहे, म्हणून त्याच्यासाठी एक कोपरा दाट वनस्पतींचा ठेवावा.

सगळे एकाच दिवशी आणू नयेत. आधी सहा झेब्रा, दोन आठवड्यांनी आणखी काही, गोरामी शेवटी. जिवाणूंची संख्याही त्या बेतानं वाढते. पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवावी, टाकीतलं पाणी तिच्यात थोडंथोडं मिसळावं आणि मासा जाळीनं सोडावा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नये.

पुढची निगा सोपी आहे. दर आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदलावं. स्पंज नळाखाली न धुता काढलेल्या पाण्यातच पिळावा. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच द्यावं. फिल्टर रात्रंदिवस चालू ठेवावा. जिथं वीज तासन् तास जाते, तिथं बॅटरीवरचा हवेचा पंप हाताशी असावा; प्राणवायू तुटला की माशांबरोबर जिवाणूही मरतात.

शेवटी दोन गोष्टी. केरळ आणि कर्नाटकातल्या पश्चिम घाटाच्या नद्यांत लाल रेघेचा एक देखणा मासा आहे, डेनिसन बार्ब. त्याच्या वंशाला शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये 'सह्याद्रिया' असं नाव दिलं. शौकिनांसाठी नद्यांतून त्याची इतकी पकड झाली, की तो जागतिक लाल यादीत संकटग्रस्त ठरला. त्याला त्याच्या नदीतच राहू द्यावं.

दुसरी गोष्ट याच्या उलटी. काच साफ करणारा म्हणून बोटभर सकर मासा विकला जातो. तो दीड फुटापर्यंत वाढतो. मग कंटाळलेला मालक दया म्हणून त्याला तळ्यात सोडतो. हा दक्षिण अमेरिकेतला मासा आज कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळीत आणि आपल्या उजनीच्या जलाशयातही सापडतो. कोळ्यांची जाळी त्याच्या काटेरी अंगानं फाटतात आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. मासा नकोसा झाला, तर दुकानदाराला परत द्या, दुसऱ्या शौकिनाला द्या; पण नदीत सोडू नका. ज्यांचं पोट त्या पाण्यावर आहे, त्यांना आपल्या हौसेचा भुर्दंड पडता कामा नये.